आभाळाला आपटणारा गोटा

विशाखा,

तू गेल्यापासून आपल्या खेळाच्या प्रोग्रॅममधली ती एक ओळ कुणी पुसलेली नाही. सकाळी कॉम्प्युटर उघडला की मी आधी तीच बघते. मी लिहायची, तू पुसायचीस, मी परत लिहायची, तू परत पुसायचीस. आता ती आपली जागा धरून बसली आहे. इतकी वर्षं भांडून शेवटी माझ्या मनासारखं झालं म्हणायचं, आणि मला ते अजिबात आवडलेलं नाही.

लोक म्हणतात, तू फार शांत होतीस. मी ऐकून घेते. भेटायला आलेल्या माणसांशी काय वाद घालायचा! पण खरं सांगू का, तुझ्याशी ज्यांनी कधी वाद घातला नाही त्यांनाच तू शांत वाटलीस. मला तू शांत कधीच वाटली नाहीस. तू आवाज चढवायची नाहीस एवढंच. चहाचा कप खाली ठेवायचीस, चष्मा पुसायचीस आणि विचारायचीस, "नसरीन, हे तू कुणाला विचारून ठरवलंस?" त्या एका प्रश्नाने माझं डोकं जेवढं फिरलं, तेवढं कुणाच्या ओरडण्याने फिरलं नाही.

आपली ओळख हडपसरची. गाडीतळाच्या पुढे, मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आपलं ऑफिस होतं. खिडकीतून एका बाजूला उसाच्या ट्रॉल्या दिसायच्या आणि दुसऱ्या बाजूला काचेच्या इमारती वर चढत असायच्या. तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी सॉफ्टवेअर होतं. भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत माझ्या अब्बांची मान ताठ झाली होती, मुलगी कॉम्प्युटरमध्ये आहे म्हणून. कॉम्प्युटरमध्ये म्हणजे नक्की काय करते, हे मात्र मी त्यांना सांगितलं नव्हतं. मोबाइलवर खेळायचे खेळ बनवते, हे कसं सांगणार? तू तर मांजरी गावात, तुझ्या घरी सांगितलं होतंस की तू फोन दुरुस्त करतेस. तुझी आई शेजारणीचा बंद पडलेला फोन घेऊन बसली होती, "आमची विशू बघंल की, तिचं कामच हाय ते," म्हणून. तू बिचारी तो फोन खरंच कुठून तरी दुरुस्त करून आणलास.

दामले सर आपले मालक, मॅनेजर आणि हिशेबनीस, सगळं एकच. त्यांनी एक दिवस फर्मान काढलं, "अहो, आपल्या मातीतला खेळ काढा काहीतरी. क्रिकेट नको. ते सगळेच काढतात." ऑफिसातल्या मुलांनी कबड्डी सुचवली, विटीदांडू सुचवला. तू म्हणालीस, "सागरगोटे." मुलं हसली. सरांनी विचारलं, "ते बायकांचं ना?" तू म्हणालीस, "हो. बायकाही फोन वापरतात, सर." सर म्हणाले, "करा."

आपण दोघी लागलो. तुला आठवत असेलच, पण मला लिहायचंच आहे. तेव्हाचे ते फोन! पडदा काडेपेटीएवढा, मेमरी त्याहून लहान. अपूर्णांक त्या फोनला कळतच नसत. अर्धा म्हटलं की शून्य. गोटा हळूहळू वर जाऊन थबकावा आणि खाली यावा, एवढ्यासाठी तू सगळे आकडे हजारपट करून हिशेब मांडलास आणि शेवटी परत भागलेस. मी तुझ्याकडे बघतच राहिले होते. आपल्या घरात चमचा नाही म्हणून कुणी वाटीने मोजून मीठ घालावं आणि ते बरोबर पडावं, तसं ते होतं.

माझ्या वाट्याला गोट्याची उंची साठवण्याचं काम होतं. आकडे साठवायला डबे असतात, मोठे आणि लहान. सगळ्यात लहान डबा म्हणजे बाइट. त्यात एकशे सत्तावीसपर्यंतच आकडा मावतो. आणि पडदा होता बरोबर एकशे अठ्ठावीस ठिपके उंच. शून्यापासून मोजलं तर सगळ्यात वरचा ठिपका एकशे सत्ताविसावा. मला इतका आनंद झाला! मापानं शिवलेला कपडा, आणि मी शिंप्याची मुलगी. मी उंचीचा आकडा लहान डब्यात टाकला. कॉम्प्युटर असं करताना आधी कुरकुर करतो, मोठा आकडा आहे, मावला नाही तर? त्यावर आकड्याच्या आधी कंसात 'बाइट' लिहायचं. म्हणजे मला माहीत आहे मी काय करतेय, तू गप्प बस. तो गप्प बसतो.

तू आलीस, फोन हातात घेतलास, आणि पहिल्याच फटक्यात बटण दाबून धरलंस. गोटा सुसाट वर गेला, पडद्याच्या वरच्या कडेला पोचला आणि तिथून नाहीसा होऊन जमिनीच्या खालून वर येऊ लागला. अंगण फोडून, कोंबासारखा. तू एवढी हसलीस की पलीकडच्या खोलीतून दामले सर बघायला आले.

झालं होतं ते साधं. एकशे सत्ताविसात एक जरी वाढवला तरी त्या लहान डब्यात तो आकडा उलटतो आणि थेट उणे एकशे अठ्ठावीस होतो. मावला नाही म्हणून डबा ओरडत नाही, कारण त्याला मीच गप्प बसवलं होतं. तुझा गोटा पडद्याच्या वर गेला आणि माझ्या आकड्याने त्याला पाताळात नेलं.

"एवढा वर कोण टाकतं?" मी चिडून म्हणाले.

"मी टाकते."

"सागरगोटे असे खेळतात का? हातभर वर टाकायचा, खालचे उचलायचे, झेलायचा."

"हातभर? नसरीन, हातभर वर टाकला तर खालचे चार उचलणार कधी?"

आणि मग आपल्याला कळलं. आमची खोली एक, तिला माळा, माळ्यावर अब्बांचे कापडाचे गठ्ठे. माळ्याखाली बसून मी आणि माझ्या बहिणी खेळायचो. गोटा जरा वर गेला की फळीला आपटायचा आणि अम्मी ओरडायची. म्हणून आम्ही बुटक्या उडीत, झपाझप उचलायला शिकलो. तू खेळलीस मांजरीच्या अंगणात, तुझे अण्णा ज्या उसाच्या मळ्यावर कामाला होते तिथल्या क्वार्टरपुढे. वर आभाळ. तू आणि तुझी चुलत बहीण गोटा दिसेनासा होईल इतका वर टाकायचात, निवांत खालचे गोळा करायचात आणि मग हात पुढे करून थांबायचात. खेळ एकच, पण आपण दोघी दोन वेगळेच खेळ शिकलो होतो. फोनमध्ये माळा घातला होता तो मी, आणि मला तो दिसलासुद्धा नव्हता.

इथवर भांडण नव्हतंच. दुरुस्ती कशी करायची, यावरून ते सुरू झालं.

तू म्हणालीस, डबा मोठा कर. गोटा पडद्याबाहेर जाऊ दे, जेवढा वेळ लागायचा तेवढा लागू दे, येईल खाली. मी म्हणाले, डबा मोठा करते हवं तर, पण एक ओळ घालते, या उंचीच्या वर जायचं नाही. तिथं पोचला की खाली. तू म्हणालीस, "म्हणजे छत." मी म्हणाले, "म्हणजे शिस्त." तू विचारलंस, लहान डबे वापरून वाचले किती? मी हिशेब करून सांगितलं, पंधरा बाइट. तू म्हणालीस, "पंधरा बाइटांत माझं आडनावसुद्धा धड मावणार नाही, आणि त्यासाठी तू आभाळ कापलंस!"

प्रकरण दामले सरांकडे गेलं. त्यांनी तुझी पद्धत खेळून बघितली. गोटा वर गेला. खालचे उचलून झाले. अंगण रिकामं, पडद्यावर काही हलेना. सरांनी फोन हातावर आपटला. "हँग झालाय," म्हणाले. तेवढ्यात गोटा आला आणि खाली पडला. सर म्हणाले, "नाही चालायचं. पडद्यावर काही हललं नाही की माणूस बॅटरी काढतो. नसरीनचं ठेवा." मी जिंकले. आपल्या चित्रकाराने मागे सुंदर निळं आभाळ काढलं होतं, आणि तुझा गोटा त्या आभाळाला आपटून खाली यायला लागला. तू त्या खेळाचं नावच पाडलंस, आभाळाला आपटणारा गोटा. खेळ बाजारात गेला, थोडाफार चालला, त्या फोनांबरोबर संपला. तुझं दुखणं संपलं नाही.

आपण दोघींनी मिळून ज्या चुका काढल्या त्या आठवल्या की अजून हसू येतं. एकदा तर गोटे आणि हात एकाच पोतडीत भरून ठेवले होते मी. पोतडीतून वस्तू बाहेर काढली की कॉम्प्युटरला सांगावं लागायचं, ही अमुक आहे. मी बेधडक सांगायची, गोटा. एकदा पोतडीतून हात निघाला, मी म्हणाले गोटा, आणि अख्खा खेळ कोसळला. तू शिकवलंस, काढलेल्या वस्तूला आधी विचारायचं, तू गोटा आहेस का? हो म्हणाली तरच पुढे जायचं. माझं म्हणणं, दरवेळी विचारत बसलं तर वेळ जातो. तू म्हणायचीस, कोसळल्यावर जास्त जातो.

तुझी ही विचारण्याची सवय माणसांच्या बाबतीतही होती, आणि त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. डबा खाताना एक नवे गृहस्थ कौतुकाने मला म्हणाले होते, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" मी हसून सोडून देणार होते, सवयीने. तू भाकरी मोडता मोडता म्हणालीस, "हिचे पणजोबा पुण्यात जन्मले. तुम्ही कधी आलात?" ते गृहस्थ दोन वर्षांपूर्वी आले होते. मग त्यांनी बरेच दिवस आपल्याबरोबर डबा खाल्ला नाही आणि आपल्याला लोणचं जास्त मिळालं. तुलाही लोक तसंच न विचारता कुठल्या तरी डब्यात टाकायचे, मला दिसायचं. तुझ्या टेबलावर बाबासाहेबांचा फोटो बघून ज्यांचा आवाज बदलायचा, त्यांना मी काही सुनवायला हवं होतं. तूच मला नजरेने थांबवायचीस. का थांबवायचीस, हे विचारायचं राहिलं.

पुढे तू लोणी काळभोरच्या कॉलेजात शिकवायला लागलीस, मी त्या काचेच्या इमारतींपैकी एकीत गेले आणि बँकांची कामं करू लागले. अब्बांना शेवटी सांगण्यासारखं काहीतरी मिळालं. भेटी कमी झाल्या, पण प्रत्येक भेटीत तुझं तेच. माझ्या लेकीच्या लग्नात, मांडवात, नातेवाइकांसमोर तू विचारलंस, "काय गं, वर कापड लावलंयस, उंची किती ठेवलीस?" कुणाला काही कळलं नाही. मी मात्र पाहुण्यांत उभी राहून तुला चिमटा काढला होता.

आणि मागच्या वर्षी तू फोन केलास. "नसरीन, आता फोन मोठे झाले. चल, परत करू." मी आढेवेढे घेतले, दोन मिनिटं. मग दर रविवारी सकाळी मी मांजरीला तुझ्या नव्या फ्लॅटवर. राहुल, तुझा नवरा, आपल्याला पोहे करून द्यायचा आणि स्वतः पेपर घेऊन गॅलरीत बसायचा. आपण दोघी चष्मे कपाळावर चढवून त्या जुन्या खेळाला कॉम्प्युटरच्या नवीन भाषेत उतरवत होतो, आणि मला वाटतं, मी इतकी सुखात नोकरीच्या सगळ्या वर्षांत नव्हते.

नव्या भाषेनेही गंमत केलीच. तुझ्या विद्यार्थ्यांना खेळायला दिलं तर गुणांच्या तक्त्यावर नऊ गुणांचा मुलगा पहिला आणि दहावाली खाली. पोरगी तुझ्याकडे तक्रार घेऊन आली, "मॅडम, हे पार्शालिटी आहे!" आकडे साठवताना अक्षरं म्हणून साठवले गेले होते. अक्षरं बघणारा पहिलं अक्षर बघतो, नऊ दहातल्या एकापेक्षा मोठा, संपला विषय. तू ती दुरुस्ती त्या पोरीकडूनच करून घेतलीस आणि वर्गात तिचं नाव घेतलंस.

ती एक ओळ मात्र तशीच राहिली. आता डबा लहान नव्हता, मेमरीचा प्रश्न नव्हता, कुणाची बॅटरीही निघत नव्हती. तरी मी ती ओळ घातली. का? तू विचारलंस तेव्हा मी म्हणाले, आताच्या माणसांना तर थांबायची अजिबातच सवय नाही. ते बॅटरी काढत नाहीत, खेळच काढून टाकतात. हे मला खरंच पटलेलं होतं. तू पुसायचीस आणि बदलाच्या नोंदीत लिहायचीस, "माळा काढला." मी परत घालायची आणि लिहायची, "माळा बसवला." रविवारी पोह्यांवर दोघी दुसऱ्याच विषयावर बोलायचो.

तुझं आजारपण इतकं थोडं टिकलं की मला वाटलं नेहमीचा ताप असेल. फोनवर तू म्हणालीस, "बरी झाले की रविवारी ये. त्या ओळीचं एकदा कायमचं बघून टाकू." मी म्हणाले, "बघायचं काय त्यात? राहणार आहे ती." तू हसलीस, खोकलीस, आणि फोन ठेवलास. रविवार आला तेव्हा तू दवाखान्यात होतीस आणि मला बाहेर बसवलं होतं. माझ्याकडून तुला शेवटचं वाक्य गेलं ते हे. आता यावर मी काय करू, तूच सांग.

परवा तुझ्या घरी तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंतेजींनी वंदना घेतली, तुझ्या फोटोपुढे मेणबत्त्या होत्या, पांढरी फुलं होती. तुझी आई भिंतीला टेकून बसली होती, तिच्याकडे मला बघवलं नाही. जेवणं झाल्यावर राहुलने तुझा फोन माझ्या हातात दिला. "तिचा खेळ यात आहे. तिने तिच्यासाठी वेगळा करून ठेवला होता. तुम्हीच बघा." मी उघडला. त्यात माळा नव्हता.

दामले सर आले होते. काठी घेऊन, रिक्षाने, एवढ्या लांब. ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "अजून करत होतात म्हणे दोघी तो खेळ? अडलं होतं कुठे?"

मी सांगितलं. माळा, आभाळ, आणि त्यांनी दिलेला निकाल.

"बॅटरी काढतात असं कोण म्हणालं होतं?"

"तुम्ही, सर."

"मी? असेन. तेव्हा मी बरंच काय काय बोलायचो."

विशाखा, माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! ज्या निकालाच्या जोरावर मी तुझ्याशी एवढी वर्षं भांडले, तो देणाऱ्याला आठवतसुद्धा नव्हता. मी तुझा फोन त्यांच्या पुढ्यात धरला. "खेळून बघा." मनात म्हटलं, आता परत म्हणतील हँग झालाय, आणि माझी ओळ राहील.

सरांनी अंगठ्याने गोटा उडवला. तो गेला. त्यांनी खालचे एकेक करत उचलले, एक निसटलाही. अंगण रिकामं झालं. पडद्यावर काही हलेना. मी वाट बघत होते. सरांनी फोन आपटला नाही. त्यांनी डोळे पडद्यावरून उचलले आणि फोनच्या वर, जिथे काहीच नव्हतं तिथे, बघायला लागले. गोटा खरंच तिथे असल्यासारखे. मग हळूच मान खाली आणली आणि अंगठा जागेवर ठेवला. गोटा आला. त्यांनी झेलला.

"थांबा हं, अजून वर टाकतो," म्हणाले.

राहुल मागे येऊन उभा राहिला. तुझी आई भिंतीजवळून उठून आली. तिला काय चाललंय ते कळलं असेल किंवा नसेल, पण सरांनी गोटा उडवला तशी तिनेही मान वर केली. कुणीतरी नवीन भेटायला आलेलं माणूस दारात थबकलं, कारण घरातली आम्ही चार माणसं छताकडे बघत बसलो होतो. कुणालाही घाई नव्हती. मला तर वाटत होतं, गोट्याने आणखी थोडं उशिरा यावं.

आत्ता, इथवर लिहून झाल्यावर, मी ती ओळ पुसली. नोंदीत तुझेच शब्द लिहिले. आता परत बसवणार नाही, शपथ. तू बरोबर होतीस, पहिल्या दिवसापासून, पंधरा बाइटांसकट. माळ्याखाली वाढलेल्या बाईला आभाळाचा अंदाज नव्हता, असं म्हण, चिडव, माझ्या नातवंडांच्या लग्नातसुद्धा चिडव, सगळं मान्य आहे. पण मी हरले हे ऐकायला तू थांबली नाहीस. आपल्या इतक्या वादांत चूक तुझी आहे असा हा एकच, विशाखा, आणि नेमका याच्यात तू काही बोलत नाहीस.